तुम्ही विचारलंत म्हणून : अँटबर्डच का?

नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य तासा-दीड तासावर असताना मी नाशिकमध्ये बसून दक्षिण अमेरिकेतील अँटबर्डविषयी इतके का बोलतो, असे पक्षिनिरीक्षणाला गेलो की कोणीतरी विचारतेच. हा पक्षी मुंग्या खातो, असाही त्यांचा समज असतो. लष्करी मुंग्यांची फौज पाचोळ्यातून निघाली की जीव वाचवायला धावणारे झुरळ, नाकतोडे, कोळी हे त्याचे खरे अन्न.

माझे कारण मात्र एका बैठकीतले आहे. जिल्ह्याच्या पश्चिम भागातील जंगलपट्ट्यातून जाणारा रस्ता रुंद करायचा होता. तोडायच्या झाडांची यादी वाचली गेली, बदल्यात लावायच्या रोपांची संख्या सांगितली गेली, आणि पक्ष्यांचे काय, असे मी विचारले तेव्हा एक अधिकारी अतिशय सौजन्याने म्हणाले, “सर, पक्ष्यांना पंख असतात, ते जातील दुसरीकडे.” माझ्यासोबत आलेल्या गावकऱ्यांनीही माना डोलावल्या. मला लागले ते हेच. तिथे कोणी दुष्ट नव्हते. ते वाक्य सर्वांना साधे सत्य वाटत होते, आणि ते खोडून काढणारे एकही उदाहरण माझ्याजवळ नव्हते.

ते मला अँटबर्डने दिले. पनामातील गातून तलावावर संशोधकांनी जंगलाच्या तळथरातले पक्षी होडीतून नेऊन किनाऱ्यापासून १०० मीटरवर सोडले. काही जातींना तेवढेही उडवेना, ते पाण्यात पडले. १९१४ मध्ये हा तलाव भरून बेट बनलेल्या बारो कोलोरॅडोवर जंगल राखले गेले, तरी ऑसेलेटेड अँटबर्ड तिथून नाहीसा झाला. मुंग्यांची वसाहत सुमारे तीन आठवडे एकाच जागी मुक्काम करते, तेव्हा तिच्या स्वाऱ्या मंदावतात. त्यामुळे या पक्ष्याला अनेक वसाहती आणि त्यांना पुरेल एवढे सलग जंगल लागते.

अँटबर्ड दाट सावलीतला, उघड्या उजेडात यायला कचरणारा पक्षी; आपले पानगळीचे जंगल मात्र उन्हाळ्यात उघडेच पडते, इथल्या पक्ष्यांना उजेडाची सवय आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. पूर्वी मी तो ऐकूनही घेत नसे. तरीही इथला सातभाई किती रुंद रस्ता ओलांडतो, हे त्या बैठकीत कोणीही विचारले नाही, आणि ते विचारले जाईपर्यंत मी अँटबर्डचे नाव घेणारच.