हातभर टेपमधला क्वेंच पकडताना

बेळगावात राहून फ्यूजनवर, म्हणजे अणू जोडून ऊर्जा मिळवण्यावर, काय काम करणार, असं घरात आणि कॉलेजात बऱ्याच जणांनी विचारलं. पण फ्यूजन रिॲक्टरच्या सुपरकंडक्टिंग चुंबकांत होणारा एक बिघाड, क्वेंच, समजून घ्यायला अख्खा रिॲक्टर लागत नाही. रेब्को या सुपरकंडक्टरच्या टेपचा हातभर तुकडा, द्रवरूप नायट्रोजन आणि शंभरेक अँपिअर करंट एवढ्यावर भागतं.

सुपरकंडक्टर पुरेसा थंड आहे तोवर त्याला रोध नाही. एखादी जागा जरा तापली की तिथे रोध उभा राहतो, मग वाहणारा करंटच ती जागा आणखी तापवतो. हा क्वेंच. फ्रान्समधल्या ईटर या फ्यूजन रिॲक्टरच्या १८ टोरॉइडल (मुख्य चुंबकाच्या) कॉइल्समध्ये ४१ गिगाज्यूल ऊर्जा साठणार आहे; क्वेंच ओळखून ती वेळेत बाहेर काढली नाही, तर कॉइल त्या एका जागी जळेल.

टेपचा तुकडा सरांच्या ओळखीतून मिळाला. नायट्रोजन मिळाला निपाणीकडच्या कृत्रिम रेतन केंद्रात, जिथे वळूचं वीर्य उणे १९६ अंशांत ठेवतात. तिथले डॉक्टर म्हणाले, "घेऊन जा की बाळ, पण कॅनचं बूच घट्ट बसवू नको, आत वाफ कोंडते." करंटसाठी उद्यमबागेतल्या एका प्लेटिंगवाल्या काकांनी त्यांचा रेक्टिफायर (एसीचा डीसी करंट करणारं यंत्र) वापरू दिला.

खरी झुंज त्या रेक्टिफायरच्या रिपलशी, म्हणजे करंटमधल्या बारीक चढउताराशी झाली. सुपरकंडक्टिंग अवस्था संपत आली, हे मानायची प्रचलित खूण म्हणजे दर सेंटीमीटरला १ मायक्रोव्होल्ट; म्हणजे माझ्या तुकड्यावर जेमतेम ५० मायक्रोव्होल्टच्या आसपास. करंट जरा डगमगला तरी मोजणीच्या तारांत त्याहून मोठं व्होल्टेज आपोआप उमटायचं. मग व्होल्टेज टॅपची, म्हणजे टेपवरचं व्होल्टेज मोजायच्या जोडणीची तार टेपला अगदी चिकटवून नेली, बाहेर पडल्यावर परतीच्या तारेशी पीळ देऊन वळली. टेपच्या मध्यावर तिसरा टॅप डाखला. डाखताना फार जपावं लागतं, कारण जास्त उष्णतेने टेपच बिघडते. आता दोन अर्ध्यांची वजाबाकी घेतली की रिपल बराचसा कटतो, कारण तो दोन्हीकडे सारखा असतो. हीटरने मी एकच अर्धा तापवला, तेव्हा वजाबाकीची रेघ हळूहळू पण ठाम वर चढली.

हा हळूपणाच धोक्याचा. निओबियम-टायटेनियम या दुसऱ्या सुपरकंडक्टरच्या तारेत रोधाचा पट्टा सेकंदाला काही मीटर, कधी त्याहून वेगाने पसरतो. रेब्कोत मिलिमीटर-सेंटीमीटरच्या हिशेबाने. त्यामुळे व्होल्टेज लहानच राहतं आणि ती जागा मात्र तापत जाते. ज्या व्होल्टेजला क्वेंच झाला असं मानायचं तो उंबरठा वर ठेवला तर टेप जळते, खाली ठेवला तर खोटा गजर होतो. म्हणून उंबरठा खालीच ठेवला आणि व्होल्टेज ठरावीक वेळ सलग वर राहिलं तरच करंट तोडायचा, अशी अट घातली.

करंट तुटल्यावर टेप पुन्हा गार करून क्रिटिकल करंट, म्हणजे सुपरकंडक्टिंग राहून टेप जास्तीत जास्त जेवढा वाहू शकते तो करंट, मोजला. आधी होता तेवढाच भरला.