प्राजक्ताखालची खडी

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी साडेसहालाच मी एरंडवण्यातल्या एका जुन्या बंगल्यावर पोचले. रात्रभर पाऊस झाला होता आणि नव्या बागेचा ढाळ बरोबर पडलाय का, पाणी कुठे तुंबतंय का, ते बघायचं होतं. फाटकातून आत आले आणि थबकले. घरातल्या काकू, वय पंच्याहत्तरच्या पुढे, प्राजक्ताखाली स्टूल टाकून मी पसरलेल्या पांढऱ्या खडीतून फुलं वेचत होत्या.

वेचत कसल्या, सोडवत होत्या. पांढऱ्यावर पांढरं दिसत नव्हतं, केशरी देठ हुडकायचा. फूल दोन खड्यांच्या फटीत गेलेलं असलं की चिमटीत धरताना पाकळी फाटायची. परडीत निम्मी फुलं डागाळलेली. "होईल गं सवय," त्या म्हणाल्या. त्या तक्रार करत नव्हत्या, म्हणून मला ते जास्त लागलं.

एप्रिलमध्ये फक्कीने आखणी केली, तेव्हा त्यांच्या मुलाला काय हवंय ते स्पष्ट होतं: सरळ रेषा, मोजकी झाडं, हिरवळ, दगड. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान त्यांना फार आवडतं. ते जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय. मूळ कोराकुएन १७०० साली पुरी झाली आणि तिच्यात भाताचं खाचर आहे, चहाचा मळाही आहे. हे मीच त्यांना सांगितलं होतं. आणि तरीही आराखडा केला तो नुसत्या हिरवळीचा आणि खडीचा.

समकालीन शैली मला मनापासून आवडते. एकाच जातीचं गवत ओळीत लावलं की डोळ्यांना स्वस्थता येते. पण काकूंच्या परसाला काही आराखडाच नाही, वर्षानुवर्षं जे हाताला लागलं ते लावलंय, असं मी धरून चालले होते. त्या सकाळी प्राजक्ताखाली बसून काकूंबरोबर फुलं सोडवताना तो आराखडा एकेक करून कळत गेला. गवती चहा स्वयंपाकघराच्या दारापासून दोन पावलांवर, कारण तो चहाचं आधण ठेवल्यावर आठवतो. आळू न्हाणीच्या पाण्यावर. जमिनीवर पडलेलं फूल एरवी देवाला चालत नाही, प्राजक्ताचं चालतं. म्हणून त्याच्याखाली काही लावायचं नाही, जागा झाडून स्वच्छ ठेवायची. मला ती मोकळी जागा 'रिकामी' वाटली होती.

साडेनऊला मुलगा खाली आला. मी सरळ सांगितलं, चूक माझी आहे, खडी काढू या. त्यांनी आईच्या परडीकडे पाहिलं आणि विचारलं, "मग काय, परत माती?"

मातीच हवी असं नव्हतं. दुपारपर्यंत माळीमामांनी आणि दोन गड्यांनी खडी पोत्यांत भरली. मुरूम चोपून त्यावर काळा कडप्पा बसवायचं ठरलं. पॉलिश न केलेला, कारण पावसात काकूंचा पाय घसरायला नको. खोडाभोवती दोन फूट माती मोकळी, पाणी निघून जाण्यापुरता ढाळ, फरशीची कड हिरवळीच्या रेषेला समांतर. तीन दिवसांत काम झालं. काळ्या दगडावर प्राजक्ताचा सडा इतका ठसठशीत दिसतो, की मुलाने पहिल्याच सकाळी मला फोटो पाठवला. काकूंनी मात्र आधी फरशीवरून हात फिरवून पाहिला, खडबडीत नाही ना ते.

आळूचं तसं जमलं नाही. न्हाणीचं पाणी मी चेंबरला जोडून दिलंय, त्यावरून हिरवळ गेली आहे. ही साठ चौरस मीटर हिरवळ मे महिन्यात रोज सुमारे तीनशे लिटर पाणी मागते, आणि आळू सांडपाण्यावर वाढत होता. काकूंनी दोन कंद जपून ठेवलेत, गच्चीत, रंगाच्या डब्यात.