चौदा फुटी होडीसाठी आउटबोर्ड : कर्ली खाडीतील निवडीची नोंद

देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथल्या खाडीत माझी १४ फुटी फायबरची होडी गेली दोन वर्षे मी वल्ह्यांवर चालवत होतो. या हंगामात तिला आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून अडकवायचे इंजिन, बसवले. किती हॉर्सपॉवरचे घेतले, असे सगळेच आधी विचारतात. माझे मत असे आहे की त्याआधी मोजपट्टी घेऊन होडीची मागची फळी मोजावी.

हे मला चाचणीतच कळले. ऑक्टोबरमध्ये एका स्नेह्याकडून ५ हॉर्सपॉवरचे टू-स्ट्रोक इंजिन मागून आणले होते. संथ पाण्यात ते उत्तम चालले, पण संगमाजवळ लाटांत वळण घेतले की इंजिनाचा आवाज एकाएकी चढे आणि होडी मात्र जागीच रेंगाळे, कारण पंखा पाण्याऐवजी हवा ओढत होता. किनाऱ्यावर येऊन फळीच्या वरच्या कडेपासून तळापर्यंतचे सरळ अंतर मोजले, ते १९ इंच भरले. इंजिनाचा शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्याकडे जाणारा दांडा, १५ इंची होता. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती तळापेक्षा साधारण इंचभर खाली यावी लागते. माझ्याकडे ती चार इंच वर राहिली होती. त्यामुळे २० इंची, म्हणजे लाँग शाफ्टच घ्यायचा, हे तिथेच ठरले.

मग ताकदीचा प्रश्न. त्या इंजिनावर दोघे बसून संथ पाण्यात ४.५ नॉट वेग मिळाला (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). पाण्यात बसून चालणाऱ्या, म्हणजे वेगाने उचलली जाऊन पाण्यावर न घसरणाऱ्या होडीची वेगमर्यादा काढायची असेल, तर पाण्याला टेकलेल्या लांबीच्या फुटांतील वर्गमुळाला १.३४ ने गुणावे. माझ्या १३ फुटांना ती ४.८ नॉट येते. केवळ फेरफटक्यासाठी ५ हॉर्सपॉवर पुरेसे होते, हे मी मान्य करतो. परंतु उधाणाच्या ओहोटीत मुखाकडून जेटीकडे परतताना हाच वेग जमिनीच्या हिशेबाने २ नॉटवर आला, आणि दुपारचा समुद्रवारा ओहोटीच्या समोर उभा राहिला की तिथे लाटा आखूड आणि उभ्या होतात. अशा वेळी हाताशी राखीव ताकद असावी, असे मला मनापासून वाटते.

१५ हॉर्सपॉवरचा मोह झाला होता. पण त्या ताकदीचे फोर-स्ट्रोक इंजिन सुमारे ५० किलोचे असते, आणि मला दरवेळी ते एकट्याने उतरवून वाळूतून घरी न्यावे लागते. म्हणून ९.९ चे फोर-स्ट्रोक घेतले, ते चाळीसच्या आसपास आहे. टू-स्ट्रोक याहून हलके असते, हे खरे. परंतु पेट्रोलच्या लिटरमागे २० मिली तेल मिसळत बसणे, तो धूर आणि कांदळवनाच्या शांत पाण्यावर पसरणारा तेलाचा तवंग मला नको होता. विजेच्या मोटरचा विचार ओहोटी आठवून लगेच सोडला.

बसवल्यावर पहिली अडचण आली ती तोलाची. इंजिन मागे, मी मागे, पेट्रोलची टाकीही मागे, त्यामुळे नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वर उचलली जाऊन पुढचे दिसेना. टाकी आणि नांगर पुढे हलवले, सुकाणूच्या दांड्याला दोन फुटी पाइप जोडून मी मधल्या फळीवर सरकलो, तेव्हा होडी सपाट बसली.

चौथ्या फेरीत इंजिन थंड करून त्यामागून पडणारी पाण्याची धार बारीक होत होत थेंबांवर आली. इंजिन ताबडतोब बंद करून मासेमारीच्या जाड तंगुसाचा तुकडा धारेच्या भोकात घातला, तेव्हा आतून चिमूटभर वाळू निघाली आणि धार पूर्ववत झाली. वाळूच्या उथळ दांड्यावरून जाताना इंजिन वेळेत वर उचलले नव्हते, ही चूक माझीच होती. आता तंगुसाचा तुकडा इंजिन बंद करणाऱ्या लाल दोरीलाच बांधून ठेवला आहे, आणि ती दोरी मनगटात अडकवल्याशिवाय मी इंजिन सुरू करत नाही. प्रत्येक फेरीनंतर पिंपातील गोड्या पाण्यात इंजिन दहा मिनिटे चालवतो.

आजवर ११ तास झाले आहेत. पहिले १० तास पूर्ण थ्रॉटल टाळला. परवा भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो त्या दिवसांच्या, शांत पाण्यात थोडा वेळ पूर्ण उघडला, तेव्हा दोघांसह ७ नॉट आणि एकट्याने ११ नॉट वेग मिळाला. २० तासांनंतर तेल बदलायचे आहे. त्यानंतर एक इंच कमी पिचचा (पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात जितके पुढे सरकायला हवा ते अंतर) पंखा लावून उधाणाच्या ओहोटीत मुखाकडून जेटीकडे येतानाचा वेग पुन्हा मोजणार आहे.