मरून पट्टे का आवळत होते, ते शेवटी सापडलं

सापडलं एकदाचं! मागच्या वेळी मी ज्या मरून पट्ट्यांचं रडगाणं गायले होते, त्यांचं दुखणं कळलं. दोष लोकरीत नव्हता, मोजणीत नव्हता. दुकानदाराचाही नव्हता आणि त्याला मी महिनाभर मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याबद्दल त्याची मनातल्या मनातच माफी मागते.

आधीचं विसरला असाल तर एवढंच. पांढरा, हळदी, मरून, परत पांढरा, असं क्रोशाचं ब्लँकेट. एका पट्ट्यात चार ओळी खांब (क्रोशातला उंच टाका), रुंदीला २१० खांब, ५ मिलिमीटरची आकड्याची सुई. माझ्या हाताला १० सेंटीमीटरमध्ये १४ खांब बसतात, म्हणजे रुंदी १५० सेंटीमीटर व्हायला हवी. पांढरे नि हळदी पट्टे अगदी तेवढे होते. मरून मात्र १४०. दोन्ही बाजूंनी पाच-पाच सेंटीमीटर आत. ब्लँकेट खाटेवर पसरलं की काठ आत-बाहेर, आत-बाहेर. सासूबाई म्हणाल्या, "काऊन वं, हे पांघरूण हाय का डमरू?" आणि आमचे हे तर म्हणाले, "वर्धा नदीचा नकाशा काढून राह्यली का?" आर्वीकडून पुलगावला जाताना नदी खरोखर अशीच वळणं घेते, त्यामुळे मला उलटून बोलताही आलं नाही.

पहिला संशय अर्थातच मोजणीवर. काठाचा खांब गाळायची खोड आपल्या सगळ्यांना असते. ओळ संपवून वळताना तीन साखळी टाके घातले की ते खांब धरायचे की नाही, यात ओळीमागे एक खांब कुठेतरी हरवतो आणि ब्लँकेट वर निमुळतं होत जातं. पण माझं निमुळतं होत नव्हतं, पुढच्या पांढऱ्या पट्ट्यात परत पूर्ण रुंद होत होतं. खांब हरवला असता तर तो आपणहून परत आला नसता. तरी मी एकोणीसही पट्टे मोजले. सगळीकडे २१०. या मोजणीत दोन दुपारी गेल्या आणि एकदा १७८ वर असताना दारात भाजीवाली आली. ते दुःख तुम्हालाच कळेल.

मग लोकर. गडद रंगाची लोकर कडक असते, रंग जास्त बसल्यानं आवळते, असं मी दोघीतिघींकडून ऐकलं होतं आणि तेच मनात पक्कं बसलं. पाहा ना, तिन्ही रंगांत गडद एकच, आणि आवळणाराही तोच! तालुक्याच्या दुकानात मरूनच्या लड्या सुट्या मिळाल्या होत्या, वरची कागदी पट्टी नाही, एकाच वेळी रंगवलेला माल ओळखायचा लॉट नंबर नाही. (सुटी लडी घेऊ नका. मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी स्वतःच घेते.) त्यामुळे हा माल बारीक निघाला, अशी माझी खात्रीच झाली. पट्टीवर एका इंचात किती वेढे बसतात ते पाहिलं. पांढरी ९, मरून ९. विश्वास बसेना, म्हणून दोन्हीची दहा-दहा मीटर लोकर कापली आणि बाजाराच्या दिवशी सोनाराच्या काट्यावर ठेवली. तो मंगळसूत्राची वाट पाहत होता, मी पिशवीतून लोकर काढली. पांढरी ५ ग्रॅम, मरून ४.९. यात दहा सेंटीमीटरचा फरक कसा पडेल?

इथे मी आठवडाभर हात टेकले होते. मधल्या काळात जुन्या लुगड्यांच्या पट्ट्यांचं पायपुसणं पूर्ण केलं, त्याचं कौतुक करून घेते. दोन बोटं रुंद पट्ट्या, १० मिलिमीटरची सुई, मुके खांब (म्हणजे बुटके टाके), सहापासून सुरुवात आणि दर फेरीला सहा वाढ. पहिल्या वेळी वाढ विसरले तर त्याची टोपली झाली होती, दुसऱ्या वेळी जास्त केली तर कोबीच्या पानासारख्या झालरी. तिसऱ्याला सपाट बसलं. मांजर त्यावरून उठत नाही.

तर उलगडा झाला तो माझ्या वहीमुळे. वहीत मी कोणता पट्टा कधी सुरू केला, कधी संपवला, एवढं लिहून ठेवते. आणि मोजणीच्या वेळी एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरून निसटली होती: बारावा पट्टा. तोही मरूनच, पण भरला पूर्ण १५०! सहा मरून पट्ट्यांपैकी ३, ६, ९, १५, १८ आवळलेले आणि १२ ठणठणीत. लोकर तीच, लडी तीच. वहीत बाराव्यापुढे फक्त "पाऊस" लिहिलेलं.

डिसेंबरातला तो अवकाळी पाऊस. चार दिवस वावरात पायच ठेवता येत नव्हता, काळ्या मातीत चप्पल रुतून राहायची. म्हणजे बारावा पट्टा मी घरी विणला होता. आणि बाकीचे?

बाकीचे सगळे मरून पट्टे वावरातले. हरभऱ्याला घाटे धरले की वानरांची टोळी येते, म्हणून दुपारची राखण माझ्याकडे असते. धुऱ्यावर निंबाखाली बसायचं, एक डोळा विणकामावर नि एक वानरांवर. ब्लँकेट मांडीवर घेऊन पांढरा पट्टा वावरात कोण विणेल? धूळ बसते, कुसळं अडकतात. मरून रंग मळखाऊ, म्हणून मरूनची पाळी आली की घडी करून गोणपाटाच्या पिशवीत घालून वावरात न्यायची, आणि पांढरा-हळदी आला की घरी. रंग दोषी नव्हता, जागा दोषी होती!

आता जागेनं काय बिघडतं? वाऱ्यानं बोटं गारठतात म्हणावं तर दुपारी दोनला कसली थंडी. वानरांच्या धास्तीनं हात आवळत असेल, असंही वाटलं. मग लक्षात आलं की वावरातल्या पिशवीत सुई वेगळी असते. घरातली साधी अॅल्युमिनियमची. वावरातली मऊ रबरी मुठीची, सुनेनं ऑनलाईन मागवून दिलेली, दिसायला देखणी, बोटं दुखत नाहीत म्हणून मी मिरवलीही होती.

तुमच्यापैकी काहींच्या मनात लगेच आलं असेल की नंबराचा घोळ. माझ्याही आलं. आपल्याकडे जुन्या बायका आठ नंबरची सुई म्हणतात ती ब्रिटिश मापाची, म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकन आठ नंबर मात्र ५ मिलिमीटर. एकाच आकड्याच्या दोन सुया, आणि सुट्या सुया विकणारा सांगणार नाही कोणत्या देशाचा आठ. म्हणून मी नंबर सोडून मिलिमीटर धरले. पण या दोन्ही सुयांवर मिलिमीटरच होते, दोन्हींवर ५.

पोरगा आयटीआयला फिटर करतो. त्याला सांगितलं, जाडी मोजायचा व्हर्नियर आण. त्यानं मित्राकडून आणला, ऐटीत मोजलं: घरातली ५.०, वावरातली ५.०. म्हणजे परत शून्यावर. त्या रात्री मी सुया फेकून दोन सुयांचं विणकाम शिकायचं ठरवलं होतं, खोटं नाही सांगत.

सकाळी त्याच मरून लोकरीचे दोन तुकडे केले, तीस-तीस खांबांचे, घरातच, एकाच खुर्चीवर, वानर नाही नि वारा नाही. घरातल्या सुईवर १० सेंटीमीटरमध्ये १४ भरले, वावरातलीवर १५. म्हणजे दोष सुईतच! मग मी विणताना हाताकडे पाहायला लागले. रबरी मूठ इतकी लांब आहे, की टोकाच्या आकड्याच्या मागे पूर्ण जाडीचा दांडा जेमतेम बोटाच्या पेराएवढा उरतो. मी मूठ पुढून धरते, त्यामुळे माझा फास त्या पूर्ण जाडीवर पोचतच नाही, आकड्यालगतच्या निमुळत्या मानेवरच बसतो आणि तिथेच ओढला जातो. पोरानं व्हर्नियर त्या मानेला लावला: ४.२. तो जाडी मोजत होता जिथे छापलंय तिथली, आणि मी विणत होते दुसरीकडेच.

सुई वाईट आहे असं म्हणणार नाही. पाठीमागून, सुरीसारखी धरणारीला ती चालेल. माझ्यासारखी पेन धरल्यागत धरणारीनं आधी एक तुकडा विणून पाहावा. १० सेंटीमीटरमागे एका खांबाचा फरक तुकड्यावर दिसतसुद्धा नाही, २१० खांबांवर मात्र दहा सेंटीमीटर होऊन बसतो. आणि सुरू केलेलं काम संपेपर्यंत सुई बदलायची नाही. हे मला ठाऊक होतं, पण "दोन्ही ५ च तर आहेत" या एका वाक्यानं घात केला.

आता निस्तरायचं कसं?

इस्त्री करून ताणावं, असं पहिल्यांदा वाटलं. ही अॅक्रिलिक लोकर, नुसती ओली करून टाचण्या लावल्यानं ती ऐकत नाही, तिला वाफच लागते. तुकड्यावर ओलं फडकं टाकून वाफ दिली. रुंद झाला, हो, पण त्यातला जीवच गेला. लोंबकळणाऱ्या फडक्यासारखा झाला आणि परत फुगला नाही. पाचच पट्टे असे मऊ पडले तर हाताला लगेच कळणार. रद्द.

काठाला किनार घालून आतला भाग भरून काढावा? एक खांब सव्वा-दीड सेंटीमीटर उंच, पाच सेंटीमीटर भरायला चार ओळी. त्या फक्त आवळलेल्या जागी घालायच्या म्हणजे ब्लँकेटच्या काखेत ठिगळं. रद्द.

१५ आणि १८ सोपे. वरून १५ पर्यंत उसवलं, १६ नि १७ निष्पाप होते तरी गेले. उसवलेल्या धाग्याच्या लड्या करून, धुऊन, खाली पाण्याची बाटली बांधून दोरीवर टांगल्या आहेत. कुरळेपणा पूर्ण जाणार नाही, पण विणताना आड येणार नाही इतपत जाईल.

पण ३, ६, ९? क्रोशा खालून उसवत नाही, फक्त शेवटाकडून सुरुवातीकडे. तिथपर्यंत पोचायला सगळंच उसवावं लागलं असतं. म्हणून नवव्यावर शस्त्रक्रिया केली. आधी दहाव्या पट्ट्याच्या पहिल्या ओळीतल्या खांबांच्या बुडातून पोपटी दोरा ओवून घेतला, २१० वेळा, म्हणजे मरून निघालं तरी पांढऱ्याची बुडं हाताशी राहतील. मग मरूनच्या चौथ्या ओळीत मधोमध एक धागा कापला. कापताना सासूबाई समोर होत्या, त्यांनी डोळ्यावर पदर घेतला. ती एक ओळ एकेक टाका सोडवत काढायला तीन संध्याकाळी लागल्या, कारण तिची डोकी पांढऱ्यात अडकलेली. खालच्या तीन ओळी मात्र भरभर उसवल्या. मग घरातल्या सुईनं आठव्यावर नवीन चार ओळी आणि वरच्या पांढऱ्याला बोथट सुईनं टाक्याला टाका जोड. जोड दिसतो का? मला दिसतो. इतर कुणाला अजून सापडलेला नाही. रुंदी १४९.५, आणि मी त्या अर्ध्या सेंटीमीटरला हात लावणार नाही.

सहाव्याचंही असंच करायचं आहे. तिसऱ्याचंही करणार होते. पण हे लिहिता लिहिताच एक सुचलं. तिसऱ्याच्या खाली आहे काय, एक नि दोन, दोनच पट्टे! मग जोडायचंच कशाला? चौथ्या पट्ट्याच्या बुडात दोरा ओवायचा, तिसऱ्याची चौथी ओळ काढायची, खालचे तिन्ही पट्टे सुटे करून टाकायचे आणि चौथ्याच्या बुडातून उलट्या दिशेनं मरून, हळदी, पांढरा असं खाली विणत जायचं. खांब उलटे दिसतील, पण कडेच्या तीन पट्ट्यांत कोण बघतंय. शिवाय माझी सुरुवातीची साखळी तशीही घट्ट होती, खालचा काठ जरा गोळा व्हायचा, तोही प्रश्न आपोआप जाईल. हे कुणी केलं असेल तर सांगा, रंग बदलताना कडेला काही ओढ बसते का?

मरून कमी पडणार हे नक्की, कारण चौथ्या ओळींचे तुकडेच झाले. त्या लॉटचं मिळणं अशक्य, म्हणून पुढच्या आठवड्यात लग्नासाठी नागपूरला जायचं आहे तेव्हा तिथल्या इतवारी बाजारात पाहीन. तिथे निदान पट्टीवर लॉट नंबर असलेल्या लड्या एकदम दहा मिळतात. नवीन लॉट आला तर तो फक्त खालच्या काठाला वापरायचा, मधे नाही. पळसाच्या फुलांनी घरीच रंगवून घे, असं एकीनं सुचवलंय. होळीच्या सुमारास आमच्या बांधाबांधाला पळस पेटलेला असतो खरा, पण त्याचा रंग तुरटी लावलेल्या सुतावर धरतो, अॅक्रिलिकवर नाही. मागच्या वर्षी करून पाहिलंय, एका धुण्यात निघून गेला.

रबरी मुठीची सुई फेकलेली नाही. नातीच्या तान्ह्या पोळ्याच्या (लहान मुलांच्या पोळ्याच्या) लाकडी बैलाला झूल विणायला घेतली आहे, ती अख्खी त्याच सुईनं. घट्ट वीण झुलीला बरीच. आणि वावरात आता काय न्यायचं, तर झूलच नेते.

सध्या सहाव्याच्या वर पोपटी दोरा ओवतेय, १४३ वर आहे. आता कुणी दारात आलं तरी उठणार नाही.