तुम्ही विचारलंत म्हणून: त्या तीन उंचवट्यांचं काय झालं

गावी गेले की दारव्ह्याच्या स्टँडपासूनच सुरू होतं. "काय झालं वं पोरी, तुह्या त्या काळ्या खड्ड्याचं?" या दिवाळीत अकरा जणांनी विचारलं. मला एका कृष्णविवराजवळून ठरावीक ठेक्यानं येणारे क्ष-किरणांचे भडके सापडले, अशी बातमी छापून आली होती, शाल-नारळ झालं होतं, तेव्हा विचारणारच. तर एकदाच सांगते: काही झालं नाही. तो ठेका नव्हताच.

एक्सएमएम-न्यूटन या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीच्या जुन्या नोंदींत एका सक्रिय दीर्घिकेचे, म्हणजे जिच्या मधलं कृष्णविवर वायू गिळतंय अशा दीर्घिकेचे, क्ष-किरण तीनदा चढून उतरलेले दिसले, जवळपास सारख्या अंतरानं. मला लगेच जीएसएन ०६९ ही दीर्घिका आठवली. तिच्यात डिसेंबर २०१८ मध्ये साधारण दर नऊ तासांनी येणारे, तासाभराचे भडके सापडले होते. मी त्याच रात्री बाबांना फोन केला. त्यांनी गावभर केलं. त्यांना दोष देत नाही. म्हणजे, तेव्हा दिला होता.

मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं विचारलं, नुसत्या गोंगाटातून असं किती वेळा दिसेल? कृष्णविवराभोवतीच्या वायूचे चढउतार तसेही बेभरवशाचे, आणि संथ चढउतार जलद चढउतारांपेक्षा मोठे. याला आम्ही रेड नॉइज म्हणतो. मला हे माहीत होतं. मी शिकवलंही होतं. कॉम्प्युटरवर हजार खोटे आलेख काढले, ज्यांत ठेका घातलेलाच नव्हता. रात्री दोनला एकेक उघडत गेले. तीन उंचवटे. पुन्हा तीन. काही तर माझ्या खऱ्या आलेखापेक्षा सुबक. चाळिसाव्यानंतर मोजणं सोडलं. आणि मग ते दुसरं निरीक्षण उघडलं, त्याच दीर्घिकेचं, जे मी 'सौर प्रोटॉनांनी (सूर्याकडून येणाऱ्या कणांनी) बिघडलंय' म्हणून बाजूला ठेवलं होतं. थोडंच बिघडलं होतं. उरलेल्या चांगल्या भागात ठेका कुठेच नव्हता.

पहाटे बाबांना फोन लावला. ते वावरात ओलिताला होते, त्या आठवड्यात लाइन रात्रीची. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तीन रात्री एकाच टायमाले लाइन आली म्हून चौथ्या रात्री येतेच काय वं?"

मी चिडून फोन ठेवला.

लबाडी नव्हती ती. घाई होती. पण ते निरीक्षण बाजूला ठेवताना मला खरंच काही कळत नव्हतं का, याचं उत्तर दर खेपेला वेगळं येतं. शिवाय जीएसएन ०६९ चे भडकेही मध्ये दिसेनासे झाले होते, २०२२ मध्ये परतले. म्हणून त्या तीन उंचवट्यांची फाइल मी अजून पुसलेली नाही.

बातमीचं कात्रण बाबांनी देव्हाऱ्यामागे ठेवलंय. काढा म्हटलं तर ऐकलं नाही. मीही पुन्हा म्हटलं नाही.