पायी शिर्डीला निघताय? पाण्याचं आधी बघा

ठाण्याहून पायी शिर्डीला निघणारे हमखास विचारतात, "वाटेत खाण्यापिण्याचं कसं होतं?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. खाण्याची फिकीर नको. पडघा, वासिंद, आसनगाव, कुठंही वडापाव, पोहे, राईसप्लेट मिळतं. रामनवमीच्या सुमारास तर मंडपवाले हाताला धरून जेवायला बसवतात. घोर पाण्याचा, तोही खर्डीच्या पुढे.

कसाऱ्यानंतर घाट लागतो. पालखीसोबतच्या टेम्पोत वीस लिटरचे जार असतात खरे, पण घाटातल्या वळणांवर टेम्पो थांबवता येत नाही, तो वर जाऊन उभा राहतो. म्हणून कसाऱ्यातच माणशी दोन लिटर भरून घ्या. अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या बऱ्या, त्यातली एक कमरेला. बाटली पाठीवरच्या पिशवीत असली की थांबायचा कंटाळा येतो, पिणं लांबतं आणि घाटमाथ्यावरच्या घाटनदेवीच्या देवळापर्यंत पोटऱ्यांत गोळे येतात. तहानेची वाट न बघता वीसेक मिनिटांनी चार घोट घ्या. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय.

घाम निथळत असताना नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तरी मळमळतं, डोकं जड होतं, कारण अंगातलं मीठ उतरतं. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटरात घालायची. 'कडक' करायला अर्ध्या लिटरात घातली तर जुलाब वाढतात. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. उरलं तर दुसऱ्या दिवशी फेकून द्या.

पाड्यावरच्या विहिरीवर दहाजणांनी बाटल्या भरू नयेत. मुंबईला पाणी देणारी भातसा-तानसा धरणं याच शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरही इथल्याच पाड्यांना लागतात. शिवाय ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत.

पोट बिघडतं ते बहुधा ओल्या खोबऱ्याच्या चटणीनं, कापून ठेवलेल्या कलिंगडानं, रसातल्या बर्फानं. प्रसाद नाकारवत नाही, मग चिमूटभर घ्या. तळलेल्या पुऱ्या खाऊन दुपारी चाल मंदावतेच. खिशात गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू असू द्यात. केळी पिशवीत चेंगरतात, ती वाटेतच घेतलेली बरी.

मुक्कामी पोचल्यावर अंथरूण टाकायच्या आधी बाटल्या धुऊन भरा. पहाटे चारला निघताना शाळेच्या नळाला पाणी असेलच असं नाही.