साडेसातचा भाग

"आत्ताच बघितला तर साडेसातला मी काय करू?"

मालिकेचा आजचा भाग टीव्हीच्या आधीच मोबाइलवर लावून दिला, तर आईने सोलायला घेतलेली मटाराची शेंग तशीच हातात धरून मला विचारलं.

मग साडेसातलाच बघितला. जाहिरात लागली की सांगलीहून मावशीचा फोन. "बघितलंस? पत्र लपवलं गं तिनं!" जाहिरात संपली की फोन बंद. पुढे गाण्याची स्पर्धा, मग विनोदी प्रहसनं, आणि प्रत्येक ब्रेकला तोच फोन. मावशी तिकडे एकटीच असते.

दूरदर्शनवर १३ भागांच्या मालिका आठवड्याला एकेक भाग करून यायच्या, तेव्हा अख्खी चाळ एका खोलीत जमायची म्हणे. मी सगळे भाग एका रात्रीत संपवते, कानात हेडफोन घालून.

तुमच्याकडे अजून कोणी वेळ धरून बघतं का?